उक्तं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गावी गेले होते. पुण्याहून रात्रीची एसटी, पहाटे देवरुखला उतरायचं आणि मग रिक्षाने वाडीत. उतरले तेव्हा काकी अंगणात शेणसडा घालत होती. सडा म्हणजे नावापुरता, खराट्याने मधोमध ओढलेला एक पट्टा. मी बॅग पडवीत टेकवली, मागल्या दारी गेले, पिंपात तांब्या बुडवला आणि सवयीने पायावर ओतला. मग दुसरा भरला. तेवढ्यात मागून काकीचा आवाज आला, "दुसरा अर्धाच घे गो बाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बोलून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण ती लगेच एसटीच्या गर्दीबद्दल विचारायला लागली, माझी बॅग उचलून आत गेली आणि चुलीपुढे भांड्यांचा नको इतका आवाज करत बसली. मी अर्धा तांब्या परत पिंपात ओतला. पिंप निळं, प्लास्टिकचं, कुठल्याशा रसायनाचं जुनं लेबल अर्धवट खरवडलेलं. झाकणावर दगड ठेवलेला, माकडं झाकण काढतात म्हणून.

या घरात पाहुण्याने पाय धुताना कोणी पाणी मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. चहात साखर कमी असायची, दुधात पाणी असायचं, अंथरुणं दोघांत एक असायची, पण पाणी नाही. त्यात लाज वाटण्यासारखी टंचाई कधी नव्हतीच. घराच्या उजव्या अंगाला, गडग्याच्या पलीकडे, वाघजाईचा पऱ्या, म्हणजे ओढा, होता. होता म्हणजे अजूनही आहे. दगड आहेत, वळण आहे, साकवाचे दोन खांब आहेत.

लहानपणी परीक्षा संपली की आम्हाला इथे आणून सोडायचे. रात्री दिवा मालवला की पऱ्याचा आवाज सुरू व्हायचा. तो दिवसभरही असणारच, पण ऐकू यायचा दिवा मालवल्यावर. मे महिन्यात तो बारीक व्हायचा, पावसाची वाट बघत एखादं म्हातारं माणूस कण्हत पडावं तसा, पण बंद व्हायचा नाही. वर देवीच्या राईच्या खाली एक डोह होता. आम्ही मुलं त्यात खेकडे धरायचो. दगड हळूच उचलायचा, खाली गढूळलेलं पाणी निवळेपर्यंत श्वास धरायचा आणि मग हात घालायचा. पाणी इतकं गार की बोटं बधिर व्हायची आणि चावलेलं नंतर कळायचं. डोहाच्या काठावर कुजलेल्या पानांचा एक वास असायचा, ओल्या पोत्यासारखा, थोडा गोडसर. त्या पानांत पाय घोट्यापर्यंत रुतायचा. वर चढून गेलं की ऐन, किंजळ, कुंभा, बेहडा, मधेच एखादं रानजायफळ, आणि खाली करवंदीची जाळी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, हे मला मगर बघण्याच्या आधीपासून माहीत होतं. नंतर मगर पाहिली तेव्हा ऐनासारखी वाटली.

ते सगळं रान मीच विकलं, असं म्हटलं तर ते नाटकी होईल. पण विकल्याचा कागद माझ्या अक्षरात आहे, हे खरं आहे.

२००३ सालचा ऑक्टोबर. माझी बारावी होऊन पुण्यातल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश झाला होता. पहिला हप्ता पतपेढीतून उचलून भरला होता, दुसऱ्याची सोय नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो. एक लाकडाचा व्यापारी दोनदा येऊन गेला होता, तिसऱ्यांदा आला तो कागद करायलाच. बाबांचं अक्षर कोंबडीचे पाय. काका सही करताना घाम फुटणारा माणूस. व्यापारी म्हणाला, पोरीचं अक्षर छान असेल, शिकलेली आहे. मला ते कौतुक आवडलं. पडवीत पाट मांडून, मांडीवर फळी घेऊन मी लिहायला बसले आणि बाबा सांगत गेले. पूर्वेस अमक्याचा गडगा, पश्चिमेस वाघजाईचा पऱ्या, दक्षिणेस गुरांची वाट, उत्तरेस देवीची राई. सदर चतुःसीमेतील आंबा, फणस, काजू वगळून उरलेली सर्व रायवळ झाडे उक्ती रक्कम रुपये ४० हजार मात्र. मी थांबून विचारलं, उक्ती म्हणजे काय? बाबा म्हणाले, "उक्तं. न मोजता. झाडं मोजायची नाहीत, सगळं मिळून एक दाम." मी ऱ्हस्व-दीर्घ नीट बघून शब्द लिहिला.

आता यातली गंमत अशी की आमच्या घरात सगळं मोजलं जायचं. नारळ शेकड्यावर, सुपाऱ्या शेकड्यावर, आंबे डझनावर आणि वर दोन पोरांसाठी. भात मळून झालं की काका पायलीने मोजायला बसायचा आणि पहिल्या मापाला 'एक' म्हणायचा नाही. पहिलं माप म्हणजे 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार. मोजणीची सुरुवात लक्ष्मीच्या नावाने व्हावी म्हणून. मला लहानपणी वाटायचं की लाभ नावाचा आकडा शाळेत शिकवायचा राहून गेला आहे. अशा घराने पाच एकरांचं रान न मोजता दिलं, कारण रान कोणी मोजायचं नसतंच. ते कोणी लावलेलं नव्हतं. लावलेलं ते मोजायचं, आपोआप आलेलं ते उक्तं.

बाबांना दोष देणं सोपं आहे आणि मी काही वर्षं तो दिलाही. एकदा फोनवर काहीतरी वाईट बोलले. ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी दोनदा तोडलंन. घर कौलारू केलंन तेव्हा एकदा, नि काकाला टीबी झाला तेव्हा एकदा. पुन्हा आलंच ना रान?" आणि हे खरं होतं. आमच्याकडे डोंगर म्हणजे बँक. बारा-पंधरा वर्षांनी तोडायचा, त्यातून लग्न, आजारपण, घराचं छप्पर. ऐन, किंजळ ही झाडं चिवट. कुऱ्हाडीने तोडली तर बुंधा राहतो, पावसाळ्यात त्याला चहूबाजूंनी फुटवे येतात आणि आठ-दहा वर्षांत माणूस दिसणार नाही इतकी झाडी होते. भाजावळीसाठी, म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला, दरवर्षी ऐनाची कवळ, पाल्याच्या फांद्या, तोडत असूच, तरी ऐन मरत नसे. आमच्या आजोबांची पिढी रानावर प्रेम करत होती वगैरे मला म्हणायचं नाही. ती तोडतच होती. फक्त कुऱ्हाडीचा वेग आणि फुटव्याचा वेग यांचा काहीतरी मेळ बसलेला होता.

डोंगर खासगी असणं ही कोकणाची जुनी गोष्ट. विदर्भातल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना; तिच्याकडे जंगल म्हणजे सरकारचं. रत्नागिरीत १८२०च्या दशकात डनलॉप नावाचा इंग्रज कलेक्टर होता, त्याने रयतेच्या जमिनीतल्या झाडांवरचा सरकारी हक्क सोडून दिला. तेव्हापासून इथला डोंगर ज्याचा सातबारा त्याचा. मग १९७५ साली खासगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा आला आणि लोकांच्या मनात एक कायमची भीती बसली की रान राखलं तर सरकार नेणार. राखणाऱ्याला शिक्षा आणि तोडणाऱ्याला सुटका, असा त्याचा अर्थ गावात लागला. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदाही आहेच, त्यात ऐन आहे, किंजळ आहे, हिरडा, खैर, जांभूळ सगळं आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. व्यापारी म्हणाला होता, परवानगीचं मी बघतो. त्याने काय बघितलं ते आम्ही बघितलं नाही.

जानेवारीत तोड सुरू झाली. मी पुण्यात होते, त्यामुळे ती मी पाहिली नाही, आणि हे माझ्या फार सोयीचं आहे. काकी सांगते, पहिले दोन दिवस तिला वाटलं गावात कोणीतरी मोटारसायकल दुरुस्त करतंय. करवत यंत्राची होती. एका ऐनाला कुऱ्हाडीने अर्धा दिवस लागायचा, तो आता विडी संपेपर्यंत आडवा व्हायचा. बेहड्याचं एक प्रचंड झाड होतं, पऱ्याच्या कडेला, त्याला वर एक ढोली होती. त्या ढोलीत ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, जोडी दरवर्षी यायची. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून एका फटीतून फळं भरवत राहतो. एवढ्या जाडीची, एवढी जुनी, आतून पोकळ झालेली झाडं लाकडाच्या दृष्टीने कुचकामी. त्याचं फाटंच होतं. तरी तेही गेलं, कारण उक्तं होतं. काकी म्हणते, पुढच्या वर्षी ककणेर आले होते. दोघंही. विजेच्या खांबावर दोन दिवस बसले. त्यांच्या पंखांचा आवाज, वाफेचं इंजिन लांबून यावं तसा, तिने घरातून ऐकला आणि ती बाहेर आली नाही. का, विचारलं तर म्हणाली, "काय सांगू त्यांना?"

लाकूड गेलं कुठे, हे मला पुढे कळलं. ट्रक आंबा घाटातून कोल्हापूरकडे चढायचे. तिथून वीटभट्ट्या, कारखान्यांचे बॉयलर. खैर असेल तो वेगळा काढून काताला. माझं रान, ज्यात मी खेकडे धरले, ते कोणाच्या तरी घराच्या विटेत भाजून गेलं. पुण्यात कुठल्याही बांधकामापाशी विटांची थप्पी दिसली की हा विचार येतो आणि मी तो झटकते, कारण मीही विटांच्याच घरात राहते.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. म्हणजे उलट, पऱ्या जोरात वाहिला. काका खूश होता, म्हणाला पाणी वाढलं. पाणी वाढलं नव्हतं, ते फक्त घाईत होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा जून ते सप्टेंबर. चार महिन्यांची ही कमाई बारा महिने पुरवायची तर ती कुठेतरी साठवायला हवी, आणि आमच्याकडे धरण नाही, तलाव नाही. ती साठवत होती डोंगराची वरची दोन वीत. पानांचा थर, त्याखालची कुजकी माती, मुळांनी आणि वाळवीने पाडलेली भोकं. थेंब आधी फांदीवर, मग पानावर, मग पालापाचोळ्यावर, अशा पायऱ्या उतरत जमिनीत जायचा. झाडं गेल्यावर तो थेट उघड्या मातीवर आदळायला लागला. काकी म्हणते, वाफ्यात पन्हळीचं पाणी पडतं तसा डोंगर खड्डे-खड्डे झाला. झाडं स्वतःही पाणी पितात, हे मला माहीत आहे. रान तोडलं की कधी कधी ओढ्याचं पाणी वाढलेलं दिसतं, असंही अभ्यास करणारे सांगतात. पण ती माती शाबूत राहिली तर. आमच्या डोंगराची माती दोन-तीन पावसाळ्यांत खाली उतरली. डोह आधी बुजला. मुलांना खेकडे धरायला गुडघाभर गाळात उतरावं लागलं आणि मग ती जाईनाशी झाली.

माती जाते कुठे, याचं उत्तर मला संगमेश्वरच्या बाजारात एका मासळीवालीने दिलं. खाडीकाठच्या फुणगूसकडची होती. तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, वाटा इतका लहान का, म्हणून मी घासाघीस करत होते. ती म्हणाली, "खाडीत पाय टाकला की पूर्वी वाळू लागायची, आता चिखल लागतो. चिखलात तिसरी मरते. तुमचा डोंगर आमच्या खाडीत येऊन बसलाय." ती सहज बोलली. मला मात्र वाटलं की तिला माझं नाव, गाव आणि अक्षर सगळं ठाऊक आहे. मी घासाघीस थांबवली. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही शास्त्री नदी गाळाने भरत चालल्याची आणि एके काळी संगमेश्वराला लागणारी मोठी गलबतं तिथवर पोचत नसल्याची नोंद आहे. म्हणजे हे दुखणं आजचं नाही. पण आजोबांच्या पिढ्यांनी शंभर वर्षांत जितकी माती पाठवली असेल तितकी आम्ही चार-पाच पावसांत पाठवली असावी असं मला उगीच वाटतं. मोजलेली नाही अर्थात. उक्तीच.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मी रात्रभर फोन लावत होते. आमचं गाव त्या खोऱ्यात नाही, पण मावशी तिथे पेठेत राहते. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असा पाऊस झाला तर रान असतं तरी पूर आलाच असता, हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. नंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणच्या लोकांनी साखळी उपोषण केलं. धरणाचं पाणी कधी सोडलं यावर बरीच भांडणं झाली, तीही खरीच असतील. पण मावशी घरातला चिखल फावड्याने काढत होती तेव्हा तिच्या हाताला लाल मातीचा जो रंग लागला होता तो नदीचा नव्हता, डोंगराचा होता. २२ जुलैच्याच संध्याकाळी तिकडे महाडजवळ तळिये दरडीखाली गेलं, ८० हून जास्त माणसं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, १५१ माणसं. आणि २०२३च्या जुलैत इरशाळवाडी, जिथे भोवती झाडी होती, तरीही. म्हणून 'झाडं तोडली म्हणून दरड आली' असं एका दमात म्हणणारे लोक भेटले की मी गप्प बसते. आणि 'झाडांचा काही संबंध नाही' म्हणणारे भेटले तरी गप्प बसते. मुळं कुजायला काही वर्षं लागतात. तोडलेल्या झाडाची मुळं जमिनीत मेलेल्या मुठीसारखी माती धरून असतात आणि मग एका पावसात मूठ सुटते. आमच्या डोंगराचा एक तुकडा २०१० मध्ये असाच सुटला. खाली गुरांची वाट होती, त्या दिवशी गुरं नव्हती, एवढंच.

तरीही रान परत आलं असतं, असं मला वाटतं. बुंधे होते. २००८-०९ मध्ये गावी गेले तेव्हा ऐनाचे फुटवे माझ्या खांद्याइतके झाले होते, तांबूस कोवळी पानं, आणि मला इतका दिलासा वाटला होता की मी बाबांना फोन करून सांगितलं. त्यानंतर एकामागून एक दोन उन्हाळे वणवा लागला. वणवा लागत नाही, लावतात. गवत चांगलं येतं म्हणून, किंवा सहज विडीचं थोटूक म्हणून. आणि मग दादाने, म्हणजे काकाच्या मुलाने, २०१२ मध्ये जेसीबी आणला. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाटाबद्दलच्या समितीचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला होता, तो लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं, आणि तो लोकांनी वाचायच्या आधीच त्याची अफवा गावोगाव पोचली. आता कोयत्याला हात लावाल तर आत जाल, घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत. त्यात काय लिहिलं होतं, ग्रामसभेला विचारून ठरवा म्हणून लिहिलं होतं की काय, हे सांगायला कोणी आलं नाही. आला तो जेसीबीवाला. त्याने तासाच्या भावाने बुंधे मुळासकट उपटले, डोंगराला पायऱ्या पाडल्या, दादाने काजूची कलमं लावली. कुऱ्हाडीने जे कधी झालं नव्हतं ते तीन दिवसांत झालं. आता फुटवा येणार कशाला?

दादाशी यावर भांडायची मला सोय नाही. त्याची मुलगी नर्सिंगला आहे, तिची फी काजूतून जाते. माझी फी ऐनातून गेली होती.

वरून, उपग्रहातून पाहिलं तर आमचा डोंगर हिरवा आहे. देशाच्या वनसर्वेक्षणात एक हेक्टरच्या वर सलग झाडोरा असला आणि दहा टक्क्यांहून जास्त सावली पडत असली की ते क्षेत्र वनाच्छादनात धरतात. झाड कुठलं, जमीन कोणाची, हा प्रश्न तिथे नाही. त्यामुळे काजूची बाग आणि ऐन-किंजळाचं रान त्या नकाशावर जवळपास एकाच रंगात दिसतात. मी तो नकाशा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडून बघत बसले होते एकदा. आमच्या घराचं छप्पर दिसत होतं, पऱ्याची रेघ दिसत होती आणि सगळीकडे हिरवंगार. काजूखाली मात्र तणनाशक मारलेली लाल जमीन, चहाची पावडर सांडल्यासारखी कोरडी पानं आणि शांतता. काजूच्या बागेत आवाज नसतो. हे मला नकाशावर कुठे लिहायचं ते कळलं नाही.

पुण्यात मात्र मी झाडांच्या बाजूची आहे. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणून माणसं रस्त्यावर उतरली, त्यात मीही होते. सोसायटीतल्या सात-आठ जणी मिळून गेलो. पाटी कोणी लिहायची असा प्रश्न आला तेव्हा एकीने मार्कर माझ्या हातात दिला, तुझं अक्षर छान आहे म्हणून. मी पुठ्ठ्यावर लिहायला बसले आणि हात क्षणभर थांबला. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाटी छान झाली, तिचा फोटोही कुठेतरी छापून आला. काकीला मी तो मोबाईलवर दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "इतकी माणसं? एका टेकडीसाठी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. आमच्या डोंगरासाठी चार माणसंही जमली नव्हती. तिला तर कोणी विचारलंच नव्हतं; कागद झाला तेव्हा ती आत व्यापाऱ्यासाठी पोहे करत होती. आणि बादलीने पाणी भरून, पायपीट करून, ते पाणी मोजायचं काम आता तिच्याकडे आलं आहे.

या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, चल, वरपर्यंत जाऊन येऊ. ती आधी नको म्हणाली, मग पदर खोचून निघाली. साठी उलटलेली बाई माझ्यापेक्षा भरभर चढते. पऱ्यातूनच वर गेलो, कारण आता तीच चांगली वाट आहे. दगड पांढरे पडलेले, मधे प्लास्टिकच्या पिशव्या, एका वळणावर तणनाशकाचा रिकामा कॅन. डोह कुठे होता ते मला ओळखता आलं नाही, काकीने काठी टेकवून दाखवलं, "हितं बुडी मारायचीस." तिथे धायटीचं एक झुडूप होतं. वर देवीची राई अजून आहे, पूर्वीच्या निम्मी. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सभामंडपाला जागा हवी म्हणून पुढची झाडं गेली. त्यासाठी देवीचा कौल घेतला होता आणि देवीने तो दिला, असं म्हणतात. मागची वीस-पंचवीस झाडं उरली आहेत. आत शिरलो आणि पहिल्या पाच पावलांतच मानेवरचा घाम गार झाला. पायाखाली तोच आवाज, तोच वास. ओल्या पोत्याचा. मला एकदम रडू येईल की काय असं वाटलं, पण तेवढ्यात काकीने खाली वाकून पाला बाजूला केला. दोन दगडांच्या खाचेत, ओंजळभर, पाणी होतं. निवळशंख. वर एक पाणकिडा पाय पसरून उभा. काकीने बोट बुडवलं, डोळ्याला लावलं आणि पाला परत होता तसा सारला, एखाद्या झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा. "कोणाला सांगू नको," म्हणाली. "पंप लावतील."

खाली येईपर्यंत टँकरचा भोंगा ऐकू आला. परवा येणार होता तो आजच आला. वाडीत एकच पळापळ, कोणी हंडे घेऊन, कोणी कळशा, कोणी रंगाचे डबे. टँकर देवळापाशी उभा राहतो, पाइप विहिरीत सोडायचा असं ठरलेलं आहे, पण विहीर भरली की पहिल्यांदा कोण काढतो यावरून भांडणं होतात म्हणून आता थेट भांड्यातच भरून देतात. माणशी किती ते ठरलेलं. ड्रायव्हर तरुण मुलगा, कानात हेडफोन. काकीने मला रांगेत तिच्या मागे उभं केलं, पाहुणी आहे म्हणून माझा वेगळा हिशेब धरतील का असा एक आशेचा कटाक्ष सगळ्यांवर टाकला, आणि कोणी काही बोललं नाही म्हणून हळूच दोन हंडे जास्तीचे पुढे सरकवले. पाणी किंचित पिवळट होतं आणि त्याला औषधाचा वास येत होता. पाइप हंड्यात पडला, तांब्याच्या तळावर आवाज घुमला. हंडा काठोकाठ आला तशी काकीने तो दोन्ही हातांनी बाजूला घेतला, थेंबही न सांडता, आणि दुसरा लावला. तिचे ओठ हलत होते. मी जवळ वाकले तेव्हा ऐकू आलं.

"लाभ," ती म्हणत होती. "दोन. तीन."